बिनपूजेचे देव

परत आलेलं पुस्तक हातात घेतलं की आमची ग्रंथपाल ताई आधी मुखपृष्ठ पाहायची आणि म्हणायची, "हेही ग्रीकांचंच."

मग तो पंखांचा घोडा असो, केसांत साप असलेली बाई असो, की पाताळाच्या दारावरचा कुत्रा. पनवेलच्या आमच्या वाचनालयातून मुलं जाडजूड फँटसी कादंबऱ्या न्यायची आणि ताई त्यांना काउंटरवरच मूळ कथा ऐकवायची. एक मुलगा वैतागला, "ताई, शेवट नका ना सांगू!"

"अरे, हजारो वर्षं झाली. अजून किती थांबू?"

मी कॉलेज सुटल्यावर तिथे पुस्तकं लावायचो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे वर्गात प्रश्न विचारायची भीती वाटते. ताईला मात्र विचारता यायचं. "आपल्याकडे एवढे देव असताना हे लेखक ग्रीसलाच का जातात?"

"त्यांची पूजा बंद पडलीय रे. ज्या देवापुढे कुणी नारळ फोडत नाही, त्याच्याबद्दल काहीही लिहावं. भांडायला कोण येणार?"

हे ती हसत म्हणाली होती. तुम्हीही हसला असतात.

ताईचं गाव विमानतळात गेलं. गावामागची टेकडी कापायच्या आधी गावाने तिच्यावरच्या गावदेवीला पालखीतून नव्या वसाहतीत आणलं, देऊळ बांधलं. त्याच सुमारास ताई कादंबरी लिहू लागली. ग्रीकांच्या कथेत मुलगी पाताळात जाते आणि तिच्या विरहाने तिची देवी आई रानं सुकवते. ताईने ते उलटं केलं. टेकडी कापल्यावर देवीच जमिनीखाली जाते आणि गावातली एक मुलगी तिला आणायला उतरते. पहिली प्रकरणं तिने गावच्या ग्रुपवर टाकली. मला ती फार आवडली. का, ते अजूनही नीट सांगता येत नाही.

काही दिवसांनी तिचा भाऊ वाचनालयात आला. "देवी खाली गेली म्हनून लिवलंस. मग आमी पालखीतून आनली ती कोन? नव्या देवलात कोन बसलंय?"

"दादा, गोष्ट हाय ती."

"हे आईला सांग. कालपासून जेवली नाय. देवी मागंच राहिली का, एवढंच इचारते." मग म्हणाला, "तुजे ते ग्रीक हायेत ना? त्यांच्या देवीचं नाव घाल."

ताईने देवीचं नाव बदलून ग्रीक केलं. टेकडीचा ग्रीक डोंगर झाला. पुस्तक छापून आलं, लोकांनी कौतुक केलं, गावातही सत्कार झाला. त्यानंतर ताई वाचनालयात यायची थांबली.

नवरात्रात मी त्या वसाहतीत गेलो, तेव्हा ती देवळाबाहेर उभी दिसली. हातातली ओटी तिने आईकडे दिली. "तू भर. मी हितंच हाय."

म्हातारी आत जाऊन आली. चेहरा शांत होता. "आत हाय गो ती. बगून ये."

"हाय ना," ताई आईची समजूत घालावी तसं म्हणाली. आईच्या हातून तिने प्रसाद घेतला आणि तो मुठीत धरून पायरीखालीच उभी राहिली.