खरखर

मंडईमागे कुलपं आणि शिलाई मशीन दुरुस्त करणारे एक काका बसतात. छऱ्याच्या बंदुकाही बघतात. माझ्या स्वस्तातल्या बंदुकीचा चाप ओढताना खरखर लागायची आणि नेम हलायचा. निदान नेमबाजीच्या क्लबात मी सगळ्यांना तसंच सांगत होतो.

काकांनी चिंध्या भरलेल्या पेटीत एक छर्रा सोडला, तोही डोळे मिटून. "आहे खरखर," एवढंच म्हणाले. मग चापाचा आतला इवलासा तुकडा काढून पॉलिश पेपरवर तासभर घासत बसले. मधेच तो स्वतःच्या नखावरून फिरवून बघत.

"अजून हलका करा ना," मी म्हणालो, "नुसतं बोट लागलं की सुटेल असा."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, मग कधी सुटायचं ते बंदूकच ठरवेल. तुम्ही काय करणार?"

चाप खरंच लोण्यासारखा झाला. क्लबात पाच छर्रे मारले, पाचही डावीकडे गेले. दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन गेलो. काकांनी बंदूक हातातही घेतली नाही.

"बंदुकीतली खरखर काढलीये," ते म्हणाले. "तुमच्या बोटातली इथे काढून मिळत नाही."