डावी नडगी

दुखणं पहिल्यांदा जाणवलं ते यवतमाळच्या पोलीस मैदानावर, सहाव्या फेरीत. डाव्या पायाची नडगी, आतल्या बाजूनं, घोट्याच्या वर वीतभर. अंगठ्यानं झाकता येईल एवढीच जागा. मला वाटलं, मैदानावरच्या मुरमाचा खडा उडून लागला असेल. उरलेल्या सहा फेऱ्या पळालो, नळाखाली पाय धुतले आणि विसरून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी वसतिगृहाच्या पायऱ्या उतरताना त्याच जागी अशी कळ आली की मी कठडा धरून उभाच राहिलो.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. तीन मैलांच्या शर्यतीत कॉलेजात माझ्यापुढे कोणी नव्हतं. गाव मुकुटबनपासून चार मैल आत. शाळा मुकुटबनला. रोज घरून निघायला उशीर व्हायचा आणि मी पळत जायचो. पुढे वेळेत निघालो तरी पळतच जाऊ लागलो. चालणं मला कधी जमलंच नाही. वर्गात बसलो की बाकाखाली पाय हलत राहायचा आणि शेजारचा मुलगा वैतागून माझ्या गुडघ्यावर हात दाबून धरायचा.

खेळाचे सर मोजकं बोलणारे. गळ्यात घड्याळ, हातात वही. दिवाळीनंतर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जानेवारीत नागपूरला पहिल्या तिघांत आलास तर विद्यापीठाच्या संघात जाशील. मी बोलून ठेवलंय." एवढं ऐकल्यावर नडगीचं नाव काढणं शक्यच नव्हतं.

शिवाय ते दुखणं लबाड होतं. पळायला सुरुवात केली की दुखायचं, दोन फेऱ्यांनी अंग तापलं की नाहीसं व्हायचं. मला वाटे, गेलं. आणि सकाळी पायऱ्यांवर ते माझी वाट पाहत असायचं. मी पायऱ्या आडव्या पावलांनी उतरायला शिकलो. कोणी पाहतंय असं वाटलं की धोतराचा सोगा सावरायच्या निमित्तानं थांबायचो.

गावात, म्हणजे यवतमाळात, सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारे एक वस्ताद होते. तरुणपणी कुस्ती खेळलेले, आता दाढी पांढरी, पण निखळलेला खांदा, मुरगळलेला पाय बसवून घ्यायला माणसं त्यांच्याकडेच जात. मी गेलो. त्यांनी हातांचं ग्रीस फडक्याला पुसलं, मला बाकड्यावर बसवलं आणि नडगीवरून अंगठा हळूहळू खाली आणला. त्या जागेवर आला तसा मी ओरडलो.

"कधीपासून?"

"महिना झाला."

"अन् तू पयूनच राह्यला?"

त्यांनी अंगठा काढून घेतला.

"देख बेटा, पोटरी असती तर मी दोन दिवसांत मोकळी करून देली असती. हे हड्डीचं काम हाय. हड्डीले मालिश नाही चालत. हिले फक्त आराम पाहिजे. दोन महिने पयनं बंद."

"जानेवारीत नागपूरले जायचं आहे."

"मंग माह्याकडे कायले आला?" असं म्हणून ते उठले आणि उलट्या ठेवलेल्या सायकलचं चाक फिरवू लागले.

मी चार दिवस विश्रांती घेतली. ते चार दिवस मला अजून आठवतात. संध्याकाळचे पाच वाजले की अंगात मुंग्या सुटायच्या. पुस्तक उघडून बसलो की एकाच ओळीवर तीनदा यायचो. खोलीत फेऱ्या मारायचो तर खालच्या खोलीतला काठीनं छत ठोकायचा. एकदा कापसाच्या बाजाराकडे निघून गेलो आणि गाड्यांच्या रांगेतून उगाचच भरभर चालत राहिलो. बैल माझ्याकडे संथपणे पाहत होते, मला त्यांचाही राग आला. दिवसातून वीस वेळा मी ती जागा दाबून पाहत होतो. कमी झालंय का? आता? आता? पाचव्या दिवशी ती जरा कमी दुखली आणि मी बूट चढवले.

नागपूरला शर्यत दुपारी होती. पहिल्या दोन फेऱ्या नेहमीसारख्या दुखल्या. मी वाट पाहत होतो की आता तापेल, आता जाईल. तिसरी फेरी झाली, पाचवी झाली, गेलं नाही. माझ्यापुढे दोघंच होते. दहाव्या फेरीच्या वळणावर मी दुसऱ्याच्या खांद्याला खांदा लावला आणि त्याच वेळी पायातून वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज आला. तो इतरांना ऐकू गेला की नाही माहीत नाही. पुढची दोन पावलं मी टाकली. तिसरं पडलं नाही.

सर मैदानात धावत आले. त्यांनी पायाला हात लावला, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे आजचं नाही ना?"

"नाही, सर."

त्यांनी वही मिटून खिशात घातली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दवाखान्यात फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरून दाखवला. हाडाला आधीपासून बारीक भेग होती, ती आता आरपार गेली होती. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून, काखेत कुबड्या देऊन त्यांनी मला घरी पाठवलं. एसटीनं मुकुटबन, तिथून बैलगाडीनं गाव.

घरी मायनं पाय पाहून रडून घेतलं. बाबांनी मला उचलून ओट्यावर बसवलं आणि ते बैल सोडायला गेले.

बाबांचं माझ्या पळण्याशी काहीतरी वाकडं होतं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. शाळेतून पळत आलेला दिसलो की त्यांच्या कपाळावर आठी यायची. "कोनी बोलावलं होतं का?" एवढंच विचारायचे. शर्यतीत मिळालेला पितळी पेला मायनं फळीवर मांडला, त्यांनी तो कधी हातात घेतला नाही. छप्पन साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी गावकीचं काम सोडलं. तेव्हापासून जंगलखात्याच्या कुपावर लाकूडतोडीला जात. कामावरून आल्यावर थकलेले असत, बोलत कमी.

दीड महिना मी ओट्यावर बसून काढला. बसून म्हणायचं एवढंच. समोरच्या लिंबावर किती फांद्या आहेत ते मोजून झालं. मायच्या तुरीच्या शेंगा सोलून झाल्या, न सोलायच्याही सोलून झाल्या. प्लास्टरच्या आत खाज सुटे, मी सुपाची काडी आत घालून खाजवत बसे. उजवा पाय रिकामाच हलत राही. कुबड्या घेऊन अंगणात इतक्या येरझारा घालायचो की सारवलेल्या जमिनीला भोकं पडली. माय रोज ती लिंपायची.

एका सकाळी मी कुबड्या टाकून एका पायावर उड्या मारत विहिरीपर्यंत गेलो आणि तिथे पडलो. बाबा कुपावर निघाले होते, ते परत फिरले. त्यांनी मला उठवून विहिरीच्या काठाला टेकवलं आणि माझ्यासमोर बसले.

"मले एक सांग. नागपूरले तुह्या मांगं कोन लागलं होतं?"

"कोणीच नाही."

"मंग पाय मोडेपर्यंत पयला काहून?"

त्यांनी धोतर गुडघ्यावर घेतलं आणि आपली उजवी नडगी माझ्यापुढे धरली. मधोमध हाडावर सुपारीएवढं टेंगूळ होतं. ते मी जन्मापासून पाहत आलो होतो. कधी विचारलं नव्हतं.

"गावकीत होतो तवा सरकारी कागद घेऊन पयाचं काम मह्यावर होतं. कोनी मेलं त् सांगावा घेऊन पाच गावं पया लागे. अन् सायब दौऱ्यावर आला की घोड्याच्या पुढं. घोडा मांगून आला की थांबता येते का? पाय दुखते म्हनाची सोय नव्हती. हे हाड असंच फुटलं, असंच जुळलं, मी पयूनच राह्यलो होतो. मले थांबताच येत नव्हतं." त्यांनी धोतर खाली सोडलं. "तुले त् कोनी पय म्हनलं नव्हतं. तुले थांबता येत होतं."

मी म्हणालो, "मला आवडते, बाबा."

"काय आवडते?"

"पयनं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी माती खायला आवडते म्हणालो होतो. मग कुऱ्हाड खांद्यावर टाकून कुपावर गेले.

प्लास्टर निघालं तेव्हा डावी पोटरी मनगटाएवढी झाली होती. त्यानंतर बाबा रोज पहाटे मला नदीच्या वाळूत चालायला नेऊ लागले. घाई केली की दंड धरत. "हळू. वाळूत टाच आंदी टेकव." या बाबतीत त्यांना खूप कळत होतं आणि ते त्यांनी मला सगळं शिकवलं. तरीही यवतमाळला परत गेल्यावर तीन आठवड्यांत मी मैदानावर होतो, आणि पाचव्या आठवड्यात ती जागा पुन्हा बोलली. पुन्हा विश्रांती, मायचा रुईच्या पानांचा शेक, पुन्हा घाई. दोन वर्षं हेच चाललं. पुढच्या जानेवारीत आणि त्याच्या पुढच्याही, नागपूरला दुसरी मुलं गेली. सर मला भेटले की तब्येत विचारायचे, पळण्याबद्दल काही विचारायचे नाहीत.

बी.ए. झाल्यावर मला पुसदच्या एका शाळेत नोकरी लागली. तिथे मला कोणी शर्यतीला पाठवणार नव्हतं, म्हणूनच की काय, मी पहिल्यांदा शहाणपणानं पळालो. दोन दिवस पांदीनं, शेतांमधल्या मऊ मातीच्या वाटेनं पळायचं, तिसऱ्या दिवशी चालायचं. त्या चालायच्या दिवशी माझा जीव जाई, पण मी चालायचो. वर्षभर नडगी गप्प राहिली. मग तालुक्यातल्या शिक्षकांच्या स्पर्धा निघाल्या आणि त्यात तीन मैल होते.

त्या आठवड्यात बाबा मला भेटायला पुसदला आले होते. मी त्यांना या असं म्हणालो नाही. ते आपणहून मैदानावर आले आणि दोरीच्या कडेला, उन्हात, डोक्याला फडकं बांधून उभे राहिले. त्यांनी मला पळताना असं कधीच पाहिलं नव्हतं.

आठव्या फेरीपर्यंत मी दुसरा होतो आणि पुढच्याची पाठ हाताला लागेल इतकी जवळ. नवव्या फेरीत ती जागा दुखली. जोरात नाही. जरा टोचल्यासारखी. मला ती चांगली ओळखीची होती. मी अर्धी फेरी तसाच गेलो, अंग सगळं पुढे ओढत होतं, आणि मग मी थांबलो. वळणावरून बाजूला होऊन गवतावर बसलो. आयुष्यात एवढं अवघड दुसरं काही केलं नाही.

बाबा मैदान आडवं कापत माझ्याकडे जवळजवळ पळतच आले. मला वाटलं, आता पाठीवर हात ठेवतील.

"उठला काहून? म्हंजे, बसला काहून?" त्यांना धाप लागली होती. "तो गाठात आला होता न तुह्या! तीनच फेरे राह्यले होते!"

"पाय दुखाले लागला, बाबा."

"लय दुखते?"

"नाही. थोडा."

"थोडा!" ते माझ्याकडे आणि मैदानाकडे आळीपाळीनं पाहत राहिले. पुढचा पळणारा आमच्यासमोरून गेला तसे ते दोन पावलं त्याच्या बाजूनं सरकले. शर्यत संपेपर्यंत ते काही बसले नाहीत. संपल्यावर मला तिथेच ठेवून ते जिंकलेल्या मास्तराकडे गेले, त्याच्याशी काहीतरी बोलले आणि वाकून, त्याला विचारून, त्याची पोटरी दाबून पाहिली.

परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला भाव होता, रागावलेला आणि खूश, दोन्ही.

"त्याच्यात काई दम नाही," ते म्हणाले. "पुढच्या साली तू त्याले आरामात मांगं टाकतं."

पुढच्या साली स्पर्धा झाल्याच नाहीत. नडगी मात्र त्या दिवसानंतर आठ दिवसांतच बरी झाली, आणि मी पन्नाशीपर्यंत पांदीनं पळत राहिलो.