व्यायामाची बेगमी

“सेरेब्रल पाल्सी,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे त्याचा निरोप हातापायांना नीट पोचत नाही. माझी जुई दीड वर्षांची होती आणि अजून बसत नव्हती.

“बरी होणार नाही. पण फिजिओथेरपी, म्हणजे व्यायाम, न चुकता केला तर आधाराने उभी राहू शकेल.”

मी फक्त ‘उभी राहील’ एवढंच ऐकलं.

आठवड्यातून दोनदा अर्नाळ्याहून विरारला जायचं. तिला कडेवर घेऊन एसटी, मग रांग, अख्खा दिवस मोडायचा. नवरा होडीवर, सासूचे गुडघे गेलेले, आणि बोंबील सुकवायला मी एकटी.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. तेव्हा नवरा आम्हाला मोटरसायकलवरून न्यायचा, एकही वार चुकायचा नाही. नारळी पौर्णिमेनंतर होड्या निघाल्या की आमचं जाणं थांबायचं. दोन महिने कसून करून घेतलं की वर्षभर पुरेल, असं मला खरंच वाटायचं. पावसाळ्यासाठी सुकी मासळी भरून ठेवतो, तशी ही व्यायामाची बेगमी. घरी पाय ताणायला घेतले की जुई रडायची आणि मी सोडून द्यायचे.

असे तीन पावसाळे गेले. चौथ्या वर्षी जूनमध्ये एक्स-रे काढला.

“कॉन्ट्रॅक्चर,” डॉक्टर म्हणाले. स्नायू आखडून तसेच राहिले होते. एक खुबाही सरकला होता. “मधले महिने कुठे होता तुम्ही? ऑपरेशनने दुखणं कमी होईल. उभं राहण्याची आशा आता धरू नका.”

जुई टेबलावर पडून माझ्या ओढणीशी खेळत होती. मला माझीच चीड आली. डॉक्टरांचीही आली. दरवेळी पुढची तारीख दिली, पण तिला आणणार कोण, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

ऑपरेशन झालं. दुसरा खुबा तरी वाचवायचा होता. होड्या सुटल्यावर मी लाज गिळून शेजारच्या हेमाकाकीला विचारलं, “मंगळवार-शुक्रवार माझं वाळवण बघशील का?”

टोपलीतून मान वर न काढता ती म्हणाली, “जा नं. आदी सांगितलं असतंस तर आदीच बगितलं असतं. आमी काय परके?”

तिचे उपकार फिटायचे नाहीत. आता आमचा एकही वार चुकत नाही. जुई पट्टा बांधून खुर्चीत बसते.

तुमच्या घरी असं मूल असेल तर तारखेआधी मदतीला माणूस मागा, पहिल्याच दिवशी. मला ते एक वाक्य बोलायला तीन वर्षं लागली. तेवढ्या काळात माझ्या मुलीचे पाय गेले.