अकरावी अट

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात मी एकवीस वर्षं हिशेब सांभाळले आणि त्या एकवीस वर्षांत माझ्या एकाही फाईलवर ऑडिटचा आक्षेप आला नाही. हे मी पूर्वी कुणी न विचारताच ऐकवायचे. लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवाला, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा. हल्ली नाही सांगत. का ते आज सांगून टाकते, मनात ठेवून आता कंटाळा आलाय.

अठ्ठ्याण्णव साली आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांना दिल्लीहून एक संशोधन प्रकल्प मिळाला. केंद्र सरकारचा पैसा आणि तो रत्नागिरीच्या कॉलेजात, म्हणजे केवढं कौतुक. प्राचार्यांनी पेढे वाटले. विषय काय, तर जयगडच्या खाडीतल्या तिसऱ्या, चिखलातले शिंपले. आम्ही त्यांचं सुकं करून खातो, दिल्लीला त्या मोजून हव्या होत्या. ओहोटीला चिखलात उतरायचं, लाकडी चौकट टाकायची, चौकटीच्या आत तिसऱ्या किती, केवढ्या, जिवंत किती, नुसत्या शिंपल्या किती, ते लिहून आणायचं. तीन वर्षं.

या कामाला एक फेलो, म्हणजे पगारी संशोधक, नेमला. मंडणगडकडचा, सव्वीस-सत्तावीसचा, काटकुळा मुलगा. त्याचे वडील मुंबईला कंपनीत होते, कंपनीला टाळं लागलं तसे गावी येऊन बसले. घरात पगार आणणारा हा एकटा. सरांच्याच हाताखाली, त्याच तिसऱ्यांवर, त्याने पीएचडीला नाव नोंदवलं होतं. डॉक्टर झाला की कुठल्यातरी कॉलेजात कायमची नोकरी मिळेल, एवढा साधा हिशेब. पहिल्या दिवशी पगाराचे कागद भरायला आला तेव्हाच मला ताई म्हणाला, आणि पायाला चिखल म्हणून दाराबाहेर उभा राहिला. मी म्हटलं, आत ये, फरशी काय माझ्या माहेरची आहे?

आता मंजुरीपत्राबद्दल सांगते. संशोधन करणारी माणसं मंजुरीपत्रातली रक्कम वाचतात, अटी वाचायच्या आमच्यासारख्यांनी. तेवीस अटी होत्या. सातवी अट अशी, की फेलोला अमुक इतकाच पगार, त्यावर एक रुपयाही नाही, मग त्याचं शिक्षण आणि अनुभव काहीही असो. आणि अकरावी अशी, की फेलोला डॉक्टरेट मिळाली तर त्याला वरच्या श्रेणीचा पगार द्यावा. वाचून मी पेन्सिलीने दोन्हींवर खूण केली. एकाच माणसाला एकाच दिवशी या दोन्ही लागू होऊन बसतील, हे त्या वेळी फक्त मला दिसलं, आणि सांगायला लाज वाटते, मला त्याचा आनंद झाला. कशी पकडली, असं झालं.

तीन वर्षांत त्या पोराने प्रबंध लिहून काढला. चिखलात उभं राहून पिंढऱ्या सोलवटलेल्या, पण गडी खूश. सर स्वतः त्याला घेऊन ऑफिसात आले. म्हणाले, आता पुढच्या महिन्यात हा प्रबंध देतोय, आणि प्रकल्पालाही एक वर्ष वाढवून मिळतंय, दुधात साखर. मी फाईल काढली, सातवी अट वाचली, मग अकरावी वाचली.

सर म्हणाले, "म्हणजे काय?"

"म्हणजे हा डॉक्टर झाला की याला वाढीव पगार द्यायला हवा. दिला तर सातवी मोडते. नाही दिला तर अकरावी. ऑडिट दोन्हीकडून धरणार."

"मग करायचं काय?"

"डॉक्टर व्हायचं नाही," मी म्हटलं. "प्रकल्प संपेपर्यंत."

सर हसले. तोही हसला. मीही हसले असेन. नंतर सर गंभीर झाले, कारण याला सोडून दुसरा फेलो आणायचा तर खाडी पहिल्यापासून शिकवायला लागणार. ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एक वर्षाचाच प्रश्न आहे रे." तो म्हणाला, "चालेल सर." मी फाईल मिटली.

चार दिवसांनी तो एकटाच आला. "ताई, दिल्लीला एक पत्र टाकून विचारलं तर? मी लिहून देतो, मला वाढीव पगार नको म्हणून. आहे त्यात करतो. मला फक्त प्रबंध द्यायचाय."

मी त्याला झापलंच. "विचारायचं नाही. विचारलं की लेखी उत्तर येतं आणि लेखी उत्तर आलं की ते पाळावं लागतं. नको म्हणाले तर? आहे हा पगारसुद्धा बंद करतील."

यात माझं काहीच खोटं नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं. माझ्या आधी या खुर्चीवर जे भाऊसाहेब होते, त्यांच्या एका साध्या बिलावर आक्षेप निघाला होता. आक्षेप निकाली निघेना म्हणून पेन्शन अडकली. निवृत्त झालेला माणूस दर सोमवारी येऊन आमच्या बाकावर बसायचा, माझ्याकडे बघायचा आणि विचारायचा, आलं का हो काही? मी तेव्हा नवीन होते. त्यांना चहा द्यायचे आणि मान खाली घालून फाईल उघडायचे. तेव्हाच कानाला खडा लावला, की आपल्या हातून वर एकही प्रश्न जाऊ द्यायचा नाही. जे लिहिलंय तेवढं करायचं आणि मूग गिळून बसायचं. मीच अशी होते असं नाही, आमच्या सगळ्या ऑफिसांची हीच रीत.

प्रयोगशाळेत ओल फार. पावसाळ्यात पुस्तकांना बुरा यायचा, म्हणून प्रबंधाच्या चारही प्रती त्याने माझ्या लोखंडी कपाटात ठेवल्या. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. उन्हाळ्यात मी त्या बाहेर काढून खिडकीत उन्हाला ठेवायचे. एकदा त्याने ते पाहिलं. प्रती उलट्या करून दुसऱ्या बाजूने ऊन लागेल अशा ठेवल्या आणि गेला.

एक वर्षाची दोन झाली. खाडीच्या आकड्यांवर दिल्ली खूश होती आणि मुदत वाढवत होती. प्रत्येक वाढीचं पत्र आलं की सर पेढे आणायचे, तो एक पेढा उचलायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी मान हलवून नाही म्हणायचे. मधे फेलोंचे पगार सगळीकडे वाढले, पण ते नव्या प्रकल्पांना. आमचा जुना, त्याला जुनीच मर्यादा. दुसरीकडे जायचं तर कॉलेजांतून तासावर शिकवायचं, मे महिन्यात त्याचेही पैसे नाहीत. घरी वडिलांना औषधं सुरू. धरलं तर हा पगार, सोडलं तर काहीच नाही. कॅन्टीनवाला त्याला थट्टेने 'अर्धे डॉक्टर' म्हणायचा आणि त्यावर तो सगळ्यांच्या आधी हसायचा. मला त्या हसण्याचा राग यायचा. खरं म्हणजे कसला राग, मला ते बघवत नव्हतं.

मग विद्यापीठाचं पत्र आलं. पीएचडीची नोंदणी अमुक महिन्यापर्यंतच, त्यानंतर मुदतवाढ नाही. तो पत्र घेऊन आला तेव्हा मी डबा खात होते.

"ताई, आता द्यायलाच हवा."

"प्रकल्प संपायला किती राहिलेत?"

"सात महिने. नोंदणी संपायला चार."

मी घास हातात धरून हिशेब केला. त्या चार महिन्यांत प्रबंध दिला तरी तोंडी परीक्षा व्हायला वर्ष लागतं, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. प्रबंध देणं आणि डॉक्टर होणं यांच्यात अंतर असतं, हे ऑफिसातल्या शिपायालाही माहीत होतं. पण गेलं दीड वर्ष मी "द्यायचा नाही" म्हणत आले होते आणि आता द्यायला हरकत नाही म्हटलं, तर आधी का अडवला हा प्रश्न उभा राहिला असता. तो कुणी विचारणारही नव्हतं. मीच मला विचारला असता. म्हणून म्हटलं, "सरांना विचार."

सर म्हणाले, मी विद्यापीठात शब्द टाकतो, सहा महिने सहज मिळतील, तू अंतिम अहवालाचं बघ. त्यांनी शब्द टाकला असेलही. चार महिने गेले आणि नोंदणी रद्द झाली. आता पुन्हा नाव नोंदवायचं, पुन्हा प्रवेश, नवा विषय, नवी फी, नवे नियम. हे त्याने मला बसस्टँडच्या मागे भेटल्यावर सांगितलं, हातात भाजीची पिशवी होती. म्हणाला, "गेलं ताई ते." मी विचारलं, जेवलास का? 

डिसेंबरात दिल्लीहून एक अधिकारी बाई प्रकल्प बघायला आल्या. माझ्याच वयाच्या, सुती साडी, हळू बोलणाऱ्या. दोन दिवस त्यांनी माझ्या फायली बघितल्या आणि शाबासकी दिली. इतकी नीट ठेवलेली फाईल मोठ्या विद्यापीठांतही मिळत नाही म्हणाल्या. मी हवेतच. निघताना सरांनी त्यांना हातखंब्याला जेवायला नेलं, बरोबर मी आणि तो. हायवेवरचं साधं हॉटेल, बाहेर ट्रकांचा धुरळा. बाई सोलकढी पीत होत्या. आणि मी, गप्प बसायचं सोडून, मोडक्यातोडक्या हिंदीत शेखी मिरवायला लागले.

"मॅडम, पगार का लिमिट हमने इतना सांभाला, की इसको डॉक्टर होने ही नहीं दिया. प्रबंध दो साल मेरे कपाट में है."

बाईंनी पेला खाली ठेवला. "क्यों?"

मी दोन्ही अटी सांगितल्या, तोंडपाठच होत्या. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एक चिट्ठी लिख देते. फेलो लिखकर दे दे कि पुरानी तनख्वाह पर काम करेगा, तो हम इजाजत दे देते हैं. सबको देते हैं. आठ दिन लगते हैं."

 आठ दिवस. सर ताटात बघत होते. बाईंचा चेहरा बदलत चालला होता, आता त्या ऑफिसच्या माणसासारख्या बघायला लागल्या. "यह लिखित में किसने कहा था कि थीसिस रोक दो?" त्यांनी विचारलं.

मला दुसरं काही दिसेना, फक्त सोमवारचा तो बाक दिसला. मी तोंड उघडलं, पण आवाज आला तो त्याचा.

"नहीं मॅडम, वैसा कुछ नहीं. ताई मजाक कर रही हैं. थीसिस मेरी ही पूरी नहीं हुई थी. कपाट में तो कच्चा मसुदा है."

"पाँच साल में नहीं हुई?"

"जी. मुझसे ही नहीं हुई."

आळशी मुलाकडे मास्तर बघतात तशा बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, अच्छा, आणि भात मागवला. मी बोलायला हवं होतं. तिथेच, त्याच मिनिटाला. एवढंच म्हणायचं होतं, की मॅडम, हा खोटं बोलतोय, मी अडवला. मी पापड मोडला आणि तोंडात टाकला. सरही जेवत राहिले.

आठवड्याने दिल्लीहून आढाव्याचा मसुदा फॅक्सने आला. कॉलेजच्या कागदावर टाईप करून, सर, प्राचार्य आणि फेलो यांच्या सह्या घेऊन परत पाठवायचा होता. हिशेबाबद्दल चांगला परिच्छेद होता, माझ्या फायलींचं नाव काढलं होतं. त्याखाली एक वाक्य होतं. फेलोने स्वतःच्या कारणांमुळे प्रबंध मुदतीत पूर्ण केला नाही. पुढे त्याचा अन्य प्रकल्पांसाठी विचार करताना ही बाब ध्यानात घ्यावी. मी ते तीनदा वाचलं. मग मशीनवर कागद चढवला आणि ते जसंच्या तसं टाईप केलं, एकही अक्षर न चुकता.  त्याची मला अजून लाज वाटते.

तो संध्याकाळी सहीला आला. खाडीवरून थेट आला होता. मी कागद पुढे केला आणि म्हटलं, "वाच आधी." त्याने वाचला. त्या वाक्याशी थोडा थांबला, मग शेवटपर्यंत वाचला.

"अरे, हे वाक्य," मी म्हटलं. "हे मी त्यांना कळवून बदलून घेऊ शकते. एक पत्र टाकलं की झालं."

बोलून गेले आणि मला माझंच ऐकू आलं. त्यालाही आलं असणार. त्याने माझ्याकडे पाहिलं, पण त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. खिशाला लावलेलं पेन त्याने काढलं, टोपण तोंडात धरलं आणि कागद सरळ केला.

"सही कुठे करू, ताई?"

मी बोट ठेवून जागा दाखवली.