एकदाच विचारायचं!

जगातल्या कुठल्याही देशात कसं वागावं, हे पासपोर्ट न काढता सांगू शकणारा माणूस पृथ्वीवर एकच आहे आणि तो गोंदियाजवळच्या फुलचुरात माझ्या कुंपणाच्या भिंतीपलीकडे राहतो. गल्ली त्यांना टीसीकाका म्हणते. रेल्वेत तिकिटं तपासण्यात त्यांचा जन्म गेला. गोंदिया जंक्शनवरून अर्धा देश त्यांच्या डोळ्यांपुढून गेला, त्यामुळे परका माणूस आपल्याला नुसत्या चेहऱ्यावरून वाचता येतो अशी त्यांची पक्की समजूत. त्यांचा मुलगा जर्मनीत असतो. मागच्या वर्षी त्याने तिथल्याच मुलीशी लग्न केलं, आणि दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रेच्या, दिवसांत दोघं आठ दिवस घरी येणार असं कळलं, तेव्हा काकांनी मोबाइलवर रात्रंदिवस व्हिडिओ बघून तिकडच्या लोकांची रीत घोटून घेतली. मग पडवीत फळा टांगला आणि आम्हालाही घोटायला बसवलं.

आता शिकायचं होतं त्यांनी, पण परीक्षेला बसली अख्खी गल्ली. न कळवता कोणाकडे जायचं नाही, हा पहिला नियम. तो काका स्वतः इतका कडक पाळत की भिंतीला टेकून उभं राहून, मला समोर दिसत असताना, मला फोन लावत. "येऊ काय?" मी म्हणायचो, "काका, दिसून तर राहिले तुम्ही! या ना." त्यावर ते गंभीरपणे सांगत, "दिसनं वेगळं, येनं वेगळं. प्रायव्हसी म्हणतेत त्याले." कोणाला पगार विचारायचा नाही, पाळणा कधी हलणार हे तर मुळीच विचारायचं नाही, आणि बोलताना समोरच्यापासून हातभर लांब राहायचं. हे अंतर ते स्वतःचा हात लांब करून मोजत. त्यामुळे महिनाभर गल्लीत दोन माणसं बोलत उभी असली की मध्ये एक हात आडवा दिसायचा.

पण सगळ्यात कडक नियम जेवणाचा. "एकदाच इचारायचं. नाही म्हटलं का नाही. डबल इचारनं म्हनजे तिच्या बोलन्यावर भरोसा नाही असा अर्थ होते." हे आमच्याकडे कसं जमावं? आमच्याकडे पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरा आणि पहिल्या नाहीवर थांबणारा यजमान कंजूस. काकू होत्या तोवर तर त्या घरातून सुटायचं असेल तर पाहुण्याला ताटावर आडवं पडावं लागे. तरी त्या बोटांच्या फटीतून वडा सोडत. काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. समोरच्या शेवंताबाई, ज्यांच्याकडे पाहुण्यांच्या स्वयंपाकाचं काम होतं, त्या वर्गात उठून भांडल्या, "एकदाच इचारायचं? मंग जेवनारा काय मांगून खाईन? लाज नाही वाटन त्याले?" काकांनी त्यांना फळ्याजवळ उभं करून नियम तीनदा म्हणायला लावला.

सरावासाठी काका आमच्याकडे येत आणि बायकोने "चहा घेता?" म्हणताच ताडकन "हो" म्हणत. ती बिचारी रीत म्हणून विचारून जाई. घरात दूध नसे. मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, कायले एवढा जीव काढता?" ते भिंतीवरचा पोपडा नखाने काढू लागले. "पोरीले इथं परकं वाटलं, तं पोरगा मंग इकडं फिरकनार नाही रे. दोनच मानसं उरली माही." त्यानंतर मी वर्ग एकही दिवस चुकवला नाही.

सूनबाई आल्या. उंच, हसऱ्या, सगळ्यांना हात जोडून नमस्कार करणाऱ्या. पहिल्याच पंगतीत शेवंताबाईंनी लाखोरीच्या डाळीचे वडे पुढे केले. सूनबाईंनी ताटावर हात धरला आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "नको." शेवंताबाईंनी वडा तसाच ताटावर धरून ठेवला, पण काकांचे डोळे त्यांच्यावर रोखलेले. वडे पुढे गेले. भात आला. "नको." भात पुढे गेला. रस्सा, खीर, सगळं शिस्तीत पुढे गेलं. काकांचा चेहरा असा खुलला, की जणू विनातिकीट एकही माणूस न सापडलेली गाडी त्यांनी तपासली होती. असं चार दिवस चाललं. मुलाला वाटलं, तिला इथलं तिखट झेपत नसेल.

पाचव्या दिवशी शेवंताबाई गच्चीवर वाळवण काढायला गेल्या, तर टाकीआड सूनबाई बिस्किटांचा पुडा घेऊन बसलेल्या. डोळे लाल. शेवंताबाईंनी वरूनच सगळ्यांना हाका मारल्या. मुलाने बायकोशी बोलून घेतलं आणि तो कपाळाला हात लावून बसला. त्याने वर्षभर तिला आपली रीत शिकवली होती! आपल्याकडे दोनदा नको म्हणायचं, आपली माणसं तिसऱ्यांदा वाढतातच. परक्याला कोणी तिसऱ्यांदा विचारत नाही. "बाबा, ती विचारते, मी काय चुकले? पाच दिवस झाले, मला कोणीच आग्रह का करत नाही?"

काका खाली गेले, वड्यांचं पातेलं घेऊन वर आले आणि हातभर अंतराचा नियम सोडून देऊन तिच्या अगदी पुढ्यात मांडी घालून बसले.

"घे वं बाई."

"नको," ती म्हणाली. सवयच लागली होती.

"घे ना."

"नको." पण आता ती टक लावून त्यांच्याकडे बघत होती.

"माह्या गळ्याची शपथ हाये तुले!" काकांनी वडा तिच्यापुढे धरला. सूनबाईंनी ताट नव्हतं म्हणून ओंजळ पुढे केली, आणि आम्ही सगळे इकडेतिकडे बघायला लागलो. तिने सहा वडे खाल्ले. सातव्याला शेवंताबाई तिला खेटून बसल्या आणि महिनाभर दाबून ठेवलेला प्रश्न विचारून मोकळ्या झाल्या, "आता सांग बाई, पगार किती हाये तुले?"

ती दोघं परत गेली. फळ्यावर आता शेवंताबाईंच्या पापडाची ऑर्डर लिहिलेली असते. परवा काका फोन न करता सरळ घरात आले. मी म्हटलं, "चहा?"

"नको."

मी खाली बसणार होतो. शिकलेला माणूस मी! पण ते दाराकडे न बघता स्वयंपाकघराकडे बघत होते. मी पुन्हा विचारलं, आणि पुन्हा. तेव्हा कुठे "एवढं म्हनतेस तं" म्हणून टेकले. चहा घेताना आपणहून म्हणाले, "सूनबाई रोज फोन करते. बाबा, जेवले का, म्हनते. मी जेवलो राहतो, तरी दोनदा नाही म्हनतो."

"कायले?"

त्यांनी कपातला चहा उगाच हलवला. "तुही काकू गेल्यापासून तिसऱ्यांदा कोणी इचारलंच नव्हतं रे."