दगडातली खेकडी

टपाल घेऊन जहाज अंदमानला लागलं तेव्हा पत्रातली बातमी शिळी झाली होती. पुलगावच्या आमच्या वानखडे सरांची तेरवीसुद्धा आटोपली होती. जेट्टीवर दोर हातात धरून मी नुसता उभा राहिलो… रडायलाही उशीर झाल्यासारखं वाटलं.

आठवीतच माझी शाळा सुटली. विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी मित्राला सांगून मला इतक्या लांब, जेट्टीवर जहाजांचे दोर बांधायच्या कामाला लावलं, म्हणून घरची चूल पेटती राहिली. ऐंशी-एक्क्याऐंशीची गोष्ट असेल. सर दम्यानं खाटेवर होते. त्यांच्या बाईंचा निरोप आला, 'येताना सरांसाठी पोवळं आणजो.' बेटावर आम्ही चार मराठी माणसं किनाऱ्यावरच्या पांढऱ्या, खडबडीत प्रवाळालाच पोवळं म्हणायचो. त्याचा वाळलेला तुकडा धुऊन, फडक्यात बांधून मी नेला.

"अरे बापू, मंगळासाठी अंगठीतलं लाल पोवळं सांगतलं होतं! हा धोंडा काऊन आणला?" बाईंनी कपाळाला हात लावला. सर मात्र खोकला येईस्तोवर हसले. दगडाला एक भोक होतं. भिंग लावून ते पाहत राहिले, मग सांगू लागले. खेकडीचं इवलंसं पिल्लू जिवंत प्रवाळावर येऊन बसतं, प्रवाळ तिच्याभोवती वाढत जातो आणि ती कायमची आत अडकते. त्याच्याच जिवावर जगते.

"अन् नवरा?" बाईंनी विचारलं.

"बारकासा असते. बाहीर फिरून राह्यते."

"मंग यात नवीन काय सांगून राह्यले!"

हसणं ओसरल्यावर सर हळूच म्हणाले, "मले हे जितं पाहाचं हाय, बापू." त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, आणि डॉक्टर त्यांना वर्ध्यापर्यंतसुद्धा जाऊ देत नव्हते.

पुढच्या सुट्टीत मी जिवंत तुकडाच बादलीत घेऊन निघालो. जहाजावर पाणी बदलता आलं. मद्रासहून गाडीत बसल्यावर समुद्राचं पाणी कुठून आणणार? बल्लारशाच्या आधीच वास सुटला, माणसं ओरडू लागली. प्रवाळ पांढराफटक पडला होता, खेकडी आतल्या आत मेली होती. सगळं गाडीबाहेर ओतलं आणि रिकामी बादली घेऊनच सरांपुढे गेलो.

"जाऊ दे," ते म्हणाले. त्यांना एवढंच बोलायला किती दम लागला…

आता ओहोटीला पाणी मागं सरकलं की उघड्या पडलेल्या प्रवाळाशी मी वाकतो. भोकात ती असते. भरती तिच्या वेळेला येणारच, हे मला कळतं. तरी ओंजळीनं तिच्यावर पाणी घालतो आणि म्हणतो, "थांबजो वं माय, येऊन राह्यलं पाणी."