अंघोळीचं दूध

“उकळलंय का?”

घरात पाऊल टाकून पाच मिनिटं झाली नसतील, बॅगा अजून दारात, आणि मी पुढे केलेल्या चहाकडे बघून त्यानं हे विचारलं. तुम्हीच सांगा, चहा न उकळता होतो का? “चहाचं नाही काकू, दुधाचं विचारतोय,” म्हणाला. तिथंच माझ्या मनातून उतरला तो.

इथे परदेशात, आमच्या क्लेटनला, तेव्हा शिकायला आलेल्या मुलांचा नुसता पूर आला होता. युनीच्या, म्हणजे विद्यापीठाच्या, आसपास लोक गॅरेजसुद्धा भाड्यानं देत. आमची मागची खोली रिकामी होती, म्हणून माझ्या मुलानं याला आणला. वय चाळिशीचं. तिकडे सरकारी नोकरीत गुरांचा डॉक्टर, इथे पीएचडीला आलेला. आणि पीएचडी तरी कसली? तर आपल्याकडे कत्तलखान्यात कापलेल्या जनावरांपैकी कितींत क्षय निघतो, आणि कुठल्या जनावरांना तो जास्त होतो. नोंदी तिकडून आणलेल्या. इथली तपासणी कशी करतात ते बघायला आठवड्यातून दोनदा लांबच्या कत्तलखान्यात जायचा. आम्ही काही फार सोवळ्यातले नव्हे हो, पण म्हणून काय! पहिल्याच आठवड्यात मी बजावलं, “डॉक्टर, माझ्या भांड्यांना हात लावायचा नाही.”

“नाही लावत. तुम्ही दूध उकळत जा.”

जेवायला बसला की तेच पुराण. “म्हातारी दुभती गाय, कोंदट गोठा, दाटीवाटी. वरून जनावर धडधाकट दिसतं हो. मानेची गाठ चिरली की आत पिवळट, सुरीखाली चुन्यासारखं कचकचतं.” माझ्या सुनेला तेव्हा पाचवा महिना. ती ताट घेऊन उठायची.

“जेवताना तरी बंद करा!” मी ओरडायची.

“काकू, खाण्यापिण्यातूनच येतं ते माणसात.”

चाळीस डिग्रीच्या उन्हातही शर्टाचं वरचं बटण लावलेलं. चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. शेजारच्या घरातली पोरं त्याला टाळायची, आणि खरं सांगते, मला बरं वाटायचं.

मग आम्ही सत्यनारायण घातला. पंचामृताला निरसं दूध हवं, आणि इथे सगळं दूध तापवून बाटलीत भरलेलं, कच्चं प्यायला विकायची बंदीच. शोधून शोधून एका दुकानात कच्चं मिळालं. बाटलीवर लिहिलं होतं, अंघोळीसाठी, पिण्यासाठी नाही. म्हटलं, छान, मला तरी देवालाच अंघोळ घालायची आहे! दोन बाटल्या आणल्या.

पूजा झाली, आरती झाली. मी पंचामृताची वाटी घेऊन उठले. पहिला हात सुनेनं पुढे केला. तेवढ्यात हा दाराशी बसलेला माणूस उठून थेट माझ्यापुढे.

“उकळलंय का?”

“पंचामृताला कुणी उकळतं का? बसा खाली.”

“बाटली वाचलीत?”

“वाचली. देवाला अंघोळ घातली.”

“आणि आता हिला पाजताय.”

“इथल्या गुरांत क्षय नाही, हे तुम्हीच सांगितलंत ना?”

“क्षय नाही, पण कच्च्या दुधात बाकीचे जंतू असतात. पोटातल्या पोराला तर फार वाईट.” आणि माझ्या हातातून वाटी ओढून त्यानं सिंकमध्ये उपडी केली. भरल्या घरात! तुळशीचं पान सिंकच्या जाळीत अडकून राहिलं.

“कापलेल्या जनावरांत हात घालणारा माणूस माझ्या देवाला नियम शिकवतो? उद्या सकाळी खोली खाली करा.”

त्यानं वरचं बटण काढलं. कॉलरआड मानेवर चार बोटं व्रण, कातडी चुरगळलेली. “आमच्या घरच्याच गाईचं दूध,” तो ओरडूनच बोलला. “धारेखाली तोंड धरून प्यायचो, मी आणि धाकटी बहीण. मी वाचलो.”

आणि माझ्या तोंडून निघालं, “तरी उद्या सकाळीच.”

“जातो.”

माफ मी त्याला अजून केलेलं नाही, तुम्ही तसं धरू नका. सांगायची एक रीत असते. चार लोकांत वाटी ओढत नाहीत.

सकाळी उठले तर खोली रिकामी. चादरीची घडी, कत्तलखान्यातले कपडे धुवायचा तो लाँड्रीचा टब घासून लख्ख. स्वयंपाकघरात आले आणि डोकं फिरलं. ओट्यावर माझं मोठं पातेलं, वर ताटली झाकलेली. माझ्या भांड्याला हात लावलाच होता शेवटी. ताटली काढली. दुसऱ्या बाटलीतलं दूध उकळून ठेवलेलं, वर बोटभर साय. चिठ्ठी नाही, काही नाही.

मी पातेलं उचलून सिंककडे वळले. सुनेनं ते माझ्या हातातून काढून घेतलं, म्हणाली, “आई, राहू द्या.” कप भरला आणि तिथंच उभ्याउभ्या सगळं प्यायली. मी खिडकीतून बसस्टॉपकडे बघत राहिले. तिथं कुणी नव्हतं.